सतरा गोण्या आणि कळण्याची भाकरी

जळगाव जिल्ह्यात रावेर-यावलकडे केळीची बाग एकरात कमी आणि खोडांत जास्त मोजतात. 'यंदा मृगबाग किती खोडांची?' असंच विचारतात (मृगबाग म्हणजे मृगात, जूनच्या आसपास लावलेली केळी). शाश्वत शेती जगाचं पोट भरू शकेल का, हा एवढा मोठा प्रश्नही मी एका खोडापासूनच सोडवायला घेतला.

आपल्याकडच्या शिफारशीनुसार केळीच्या एका खोडाला साधारण 200 ग्रॅम नत्र, म्हणजे नायट्रोजन, लागतं. पाच बाय पाच फुटांवर लागवड केली तर एकरात 1740 च्या आसपास खोडं बसतात, म्हणजे जवळपास 350 किलो नत्र. युरियात नत्र 46 टक्के आणि गोणी 45 किलोची. सगळं नत्र युरियातूनच द्यायचं म्हटलं तर सतरा गोण्या झाल्या. आता तेच शेणखतातून देऊन पाहा. शेणखतात नत्र जेमतेम अर्धा टक्का, म्हणजे एकराला 70 टन! ट्रॉलीत अडीच टन धरले तर 28 ट्रॉल्या. त्यातलंही सगळं नत्र पहिल्याच वर्षी मुळांना मिळत नाही. गावातल्या गोठ्यांत आता किती जनावरं उरलीत, हे वेगळं सांगायला नको.

सेंद्रिय-रासायनिकचा वाद बहुतेकदा विष, चव आणि आरोग्याभोवतीच फिरत राहतो. मला अडचण दिसते ती नत्राची. हवेत नायट्रोजन 78 टक्के आहे, पण त्याचे दोन अणू एकमेकांना इतके घट्ट धरून बसलेले असतात की पिकाला तो असून नसल्यासारखाच. ही जोडी निसर्गात विजेचा लोळ फोडतो, नाहीतर काही जिवाणू. 1909 मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ फ्रिट्झ हाबर यांनी ती प्रयोगशाळेत फोडून अमोनिया बनवला आणि 1913 मध्ये कार्ल बॉश यांनी त्याचा कारखाना चालू केला. युरिया याच अमोनियापासून बनतो. आज जगातल्या साधारण निम्म्या माणसांच्या ताटात या नत्राचा वाटा आहे. ते एका फटक्यात काढून घेतलं तर काय होतं, हे श्रीलंकेने 2021 मध्ये पाहिलं. रासायनिक खतांची आयात बंद झाली, भाताचं उत्पादन घसरलं आणि काही महिन्यांतच सरकारला निर्णय फिरवावा लागला.

पण म्हणून गोणी निर्दोष ठरत नाही. शेतात टाकलेल्या नत्राचा निम्म्याच्या आसपास भाग पिकाला लागतो. उरलेल्यातलं काही नायट्रेट होऊन विहिरीत उतरतं, तर काही नायट्रस ऑक्साइड होऊन हवेत जातं. वजनाला वजन धरलं तर हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 270 पट तापदायक आहे.

सेंद्रिय शेतीचं उत्पादन सरासरीने साधारण पाचव्या हिश्श्याने कमी येतं, असं अनेक प्रयोगांची एकत्र तुलना केल्यावर दिसलं. 2017 मध्ये 'नेचर कम्युनिकेशन्स'मध्ये आलेल्या एका अभ्यासाने मात्र हिशेबाची दुसरी बाजू तपासली. अन्नाची नासाडी आणि शेतात पिकवलेलं पशुखाद्य, दोन्ही बरंच कमी केलं तर पूर्ण सेंद्रिय शेतीतूनही 2050 चं जग जेवू शकेल, जास्तीची जमीन न लागता. नत्राची ओढाताण मात्र तिथेही उरलीच.

पशुखाद्याचा हा मुद्दा खान्देशात बसून लगेच पटतो. आपला मका कुणाच्या ताटात जातो? बराचसा कोंबड्यांच्या खाद्यात. नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरकडची पोल्ट्री सगळ्यांना माहीत आहे. खाद्यातल्या प्रथिनांचा मोठा भाग विष्ठेतून बाहेर पडतो. तेच कोंबडीखत आपण हौसेने बागेत घालतो आणि 'सेंद्रिय' म्हणतो. (पण त्यातलं काही नत्र मुळात मक्याला घातलेल्या युरियाचंच असतं की!)

याच्या शेजारी कळण्याची भाकरी ठेवून बघा. ज्वारी आणि उडीद एकत्र दळलेले. भरात आलेला उडीद उपटून मुळावरची गाठ नखाने फोडा, आतून गुलाबी दिसेल. आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचंच एक भावंड तिथे प्राणवायूवर पहारा देतं, कारण नत्र बांधणाऱ्या जिवाणूंचं यंत्र प्राणवायूने बिघडतं. कारखान्याला जे शेकडो अंशांच्या तापमानात आणि प्रचंड दाबाखाली करावं लागतं, ते इथे पावसाळी मातीत चालतं. अर्थात उडीद म्हणजे फुकटचा युरिया नव्हे. त्याने बांधलेल्या नत्राचा मोठा वाटा दाण्यांबरोबर घरी येतो, जमिनीला पाला आणि मुळं तेवढी मिळतात. पण तो स्वतःपुरतं बरंचसं कमावतो, गोणीकडे फारसं बघत नाही. आणि त्याचं प्रथिन कोंबडीतून न फिरता थेट भाकरीत येतं.

म्हणून मला केळीची बाग मोडायला सांगायची नाही. बाग राहू द्या, पण ठिबकमधून खत थोडं-थोडं, मुळाशी जाऊ द्या. घड उतरल्यावर खोड बांधावर फेकण्यापेक्षा सरीतच कुजू द्या, त्यात पालाश (पोटॅश) भरपूर असतं. आणि कोरडवाहू वावरात कपाशीच्या ओळींमध्ये उडीद-मूग परत आणा.

हे सगळं मी आमच्या आबांना ऐकवलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "उडीद काढणीला येतो अन् नेमका तेव्हाच पाऊस बसतो. शेंगा काळ्या पडतात, व्यापारी भाव पाडतो. मक्याचं तसं नाही." मग त्यांनी ताटातली कळण्याची भाकरी मोडली आणि ठेचा मागितला. पीठ कुठलं, विचारलं तर म्हणाले, उडीद दुकानातून आणलेला.