खुलासा : ‘घरात शिरलेल्या चोराला मारलं तरी गुन्हा नाही’?

‘चोर उंबरठ्याच्या आत आला की त्याला ठार मारा, कायदा तुमच्या बाजूने आहे’ असा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. भारतात कायदा असं म्हणत नाही. या समजुतीपायी एखाद्याचा जीव जाऊ शकतो आणि घरमालक तुरुंगात जाऊ शकतो, म्हणून हे लिहितोय.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ३४ ते ४४ स्वसंरक्षणाबद्दल आहेत. मालमत्ता वाचवताना समोरच्याचा मृत्यू झाला तरी तो गुन्हा ठरत नाही, असे मोजकेच प्रसंग कलम ४१ सांगतं : जबरी चोरी, सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी केलेली घरफोडी, राहत्या घराला आग लावणं किंवा स्फोटकांनी नुकसान करणं, आणि जिवाला किंवा गंभीर दुखापतीचा रास्त धोका वाटावा अशी चोरी, नासधूस किंवा घुसखोरी. म्हणजे भरदुपारी उघड्या दारातून आत येऊन मोबाइल उचलणारा निःशस्त्र चोर यात बसत नाही. त्याला पकडा, रोखा. जीव घेता येणार नाही.

रात्रीच्या घरफोडीतही कलम ३७ ची मर्यादा आहेच : बचावासाठी लागेल त्याहून जास्त इजा करायची नाही. चोर खाली पडला, त्याचे हात बांधले, त्यानंतरची मारहाण हा बचाव नव्हे.

उलट टोकाची भीतीही खोटी आहे. आधी पळून जाण्याचा प्रयत्न केलाच पाहिजे, असं बंधन घरमालकावर नाही. घाबरलेल्या माणसाने प्रत्येक घाव तोलूनमापून घालावा अशी अपेक्षा न्यायालयंही करत नाहीत.