अर्धं गोड, अर्धं कडू नातं रक्तदाब का वाढवतं?

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात, ही खानदेशातली रीतच. गौराई, झोके, सांजोऱ्या, आमरस आणि दुपारभर गप्पा. तरी माहेराहून न्यायला आलेला मुराळी दारात उभा असूनही न जाणारी एखादी बहीण गावागावांत सापडते. खोदून विचारलं तर बऱ्याचदा उत्तर एकच: हक्कसोड, म्हणजे माहेरच्या जमिनीतला आपला वाटा सोडल्याचा कागद. २००५ च्या दुरुस्तीनंतर हिंदू वारसा कायद्यात मुलीला वडिलोपार्जित जमिनीत मुलाइतकाच वाटा मिळाला. पण दुय्यम निबंधकाच्या कचेरीत नेऊन ‘ताई, इथं सही कर’ म्हणणारा भाऊही असतो. आणि गंमत म्हणजे हाच भाऊ तिच्या बाळंतपणात दवाखान्याच्या ओट्यावर रात्रभर बसलेला असतो, भाऊबीजेला न चुकता साडी घेऊन येतो.

आता असा भाऊ चांगला म्हणायचा की वाईट? अमेरिकेतल्या ज्युलियन होल्ट-लुनस्टॅड आणि बर्ट उचिनो यांनी २००३ मध्ये सहकाऱ्यांसोबत नेमक्या अशा नात्यांवर अभ्यास केला. लोकांना रक्तदाब मोजणारं यंत्र अंगावर बांधून त्यांच्या रोजच्या जगण्यात सोडून दिलं. कोणाशी भेट झाली, त्या माणसाबद्दल मनात काय आहे, हेही नोंदवून घेतलं. वरचा रक्तदाब सर्वांत जास्त चढला तो ज्यांच्याबद्दल माया आणि राग दोन्ही आहेत अशा माणसांशी बोलताना. निव्वळ नावडत्या माणसासमोरही तो इतका चढला नाही.

पहिल्यांदा वाचताना हे उलटं वाटतं, पण त्यात अर्थ आहे. ज्याच्याकडून काहीच अपेक्षा नाही, त्याच्यासमोर मन आधीच कवाडं लावून बसतं. भावासमोर मात्र ती उघडी ठेवावी लागतात, आणि आज तो मायेनं बोलेल की टोमणा मारेल हे सांगता येत नाही. अशी अनिश्चितता शरीराला फार महाग पडते. जे वाइस या संशोधकानं १९७० च्या सुमारास उंदरांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध आहेत. दोन गटांना विजेचे सारखेच झटके बसत होते. फरक इतकाच, की एका गटाला झटक्याआधी इशारा मिळे. इशारा न मिळणाऱ्या उंदरांच्या पोटात कितीतरी जास्त व्रण आढळले. झटका तोच, पण तो कधी बसेल ही धास्ती मात्र अष्टौप्रहर.

म्हणून ‘संबंध ठेवावेत की तोडावेत’ हा प्रश्नच मला अपुरा वाटतो. भेट कशा स्वरूपाची, किती वेळाची, हे आधी विचारावं. या बाबतीत आपल्याकडचा कानबाई या देवीचा उत्सव मला फार शहाणी व्यवस्था वाटते. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, सुरत-पुण्याला गेलेली मंडळी गावी येतात, आणि रोट भाऊबंदांनी मिळून खायचे असतात. बांधावरून वर्षभर अबोला धरलेले चुलतभाऊही त्या दिवशी एका पंगतीला बसतात. कोणी काय करायचं हे ठरलेलं, बोलण्याचे विषय ठरलेले, आणि सोमवारी विसर्जन, म्हणजे शेवटही ठरलेला. हा प्रयोगशाळेतला निष्कर्ष नाही, माझा अंदाज आहे. पण रात्री अकराला अचानक येणाऱ्या फोनपेक्षा अशी भेट सोसायला सोपी जाते, हे पुष्कळांना पटेल.

मग माफीचं काय? शार्लट विटव्हलिएट यांनी २००१ मध्ये ७१ विद्यार्थ्यांना, ज्यानं आपल्याला खरोखर दुखावलं त्या माणसाची आठवण काढायला सांगितली. कधी मनात राग घोळवायचा, कधी माफ केल्याची कल्पना करायची. राग घोळवताना नाडी आणि रक्तदाब जास्त वाढले, तळहाताला घाम जास्त सुटला, कपाळावरच्या आठ्यांचे स्नायूही जास्त ताणले गेले. ते माणूस तर खोलीत नव्हतंच. म्हणजे भावाशी बोलणं टाकलं, तरी रोज रात्री सातबारा डोळ्यांसमोर नाचत असेल तर शरीराच्या हिशेबी भांडण चालूच आहे.

पण यावरून ‘जाऊ दे गं, मोठ्या मनानं माफ कर’ म्हणणाऱ्या मावश्या-आत्यांना बळ मिळू नये. माफीवर आयुष्यभर संशोधन केलेले एव्हरेट वर्दिंग्टन दोन गोष्टी वेगळ्या धरतात: सूड घ्यायचा नाही असं ठरवणं, आणि मनातली कडवट भावना खरोखर निवणं. पहिली एका दिवसात होऊ शकते, दुसरीला वर्षंही लागू शकतात. समेट ही तिसरीच गोष्ट. त्याला दोघं लागतात. बहीण राग सोडून देईल आणि तरी दिवाणी दावा चालवील. आखाजीला जाईल आणि मुक्कामाला थांबणार नाही. यात दुटप्पीपणा काहीच नाही.

मारहाण, लैंगिक अत्याचार किंवा धमक्या असतील तर मात्र वरचं काहीच लागू नाही. तिथं आधी अंतर आणि मदत: महिलांसाठी १८१, आणि मनावरचा ताण पेलेनासा झाला तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६.