मराठी एसएमएसला सत्तरच अक्षरं का?

जत्रांचा हंगाम आला की गोव्यातली देवस्थानं, नाट्यमंडळं, पतसंस्था ठोक एसएमएस पाठवू लागतात. त्यातले बरेचसे निरोप भाषेने मराठी आणि लिपीने रोमी असतात. कारण विचारलं तर उत्तर ठरलेलं: ‘देवनागरी जड पडते.’ हिशेब खरा आहे. रोमीत एका एसएमएसमध्ये १६० अक्षरं मावतात, देवनागरीत ७०. ठोक एसएमएस भागागणिक विकला जातो, त्यामुळे रोमीत एकाच्या पैशात जाणारा निरोप देवनागरीत दोनतीनपट महाग होतो. मात्र या जडपणाचं जे कारण सांगितलं जातं ते साफ चुकीचं आहे. आपली जोडाक्षरं, काने, वेलांट्या गुंतागुंतीच्या, त्यांची चित्रं पाठवायला जास्त जागा लागते, अशी समजूत आहे. एसएमएसमधून कुठलंच चित्र जात नाही. जातात ते फक्त क्रमांक. अक्षर रेखाटण्याचं काम घेणाऱ्याचा फोन स्वतःकडच्या फॉन्टमधून करतो.

मग जागा जाते कुठे? त्यासाठी एसएमएसचं पाकीट किती मोठं ते आधी पाहू. पाकीट १४० बाइटचं, म्हणजे १,१२० बिटांचं. बिट म्हणजे ० किंवा १. हा आकार निघाला जुन्या टूजी यंत्रणेतून. आपण बोलत नसतानाही फोन आणि टॉवर यांच्यात कामापुरतं बोलणं चालू असतं: फोन कुठे आहे, कॉल येतोय का, रिंग वाजवायची का. या संकेतांसाठी एक वेगळी अरुंद वाट राखलेली असते. एसएमएस याच वाटेने सोडायचा ठरला आणि त्या वाटेवरच्या निरोपाच्या आकाराला मर्यादा होती. जर्मन अभियंता फ्रीडहेल्म हिलेब्रांट यांनी १९८५च्या सुमारास टाइपरायटरवर सुचतील ती वाक्यं लिहून अक्षरं मोजली, पोस्टकार्डं आणि टेलेक्सचे, म्हणजे तारेने जोडलेल्या टाइपयंत्रांवरून जाणारे, निरोप तपासले आणि १६० अक्षरं पुरतात असं ठरवलं, असं सांगतात. पहिला एसएमएस गेला ३ डिसेंबर १९९२ रोजी, इंग्लंडमध्ये. मजकूर होता नाताळच्या शुभेच्छांचा. पुढे फोरजीत वाट बदलली, पण पाकीट तेवढंच राहिलं.

१४० बाइटमध्ये १६० अक्षरं बसतात, कारण प्रत्येक अक्षराला आठऐवजी सातच बिट दिलेत. सात बिटांत १२८ वेगवेगळे क्रमांक होतात. या १२८ जागांत इंग्रजी अक्षरं, अंक, विरामचिन्हं, पश्चिम युरोपातली काही स्वरचिन्हांची अक्षरं आणि दहा ग्रीक कॅपिटल अक्षरं आहेत. बाकीची ग्रीक कॅपिटलं दिसायला इंग्रजीसारखीच, म्हणून त्यांना जागा दिली नाही. देवनागरी त्यात नाही हे समजण्यासारखं आहे. पण गोव्यातल्या कित्येक नावांत ‘ए’वर नागमोडी रेघ असलेलं पोर्तुगीज अक्षर येतं, तेही त्यात नाही. रोमीतल्या निरोपात असं एखादं नाव नीट लिहिलं की आख्खा निरोप १६०वरून ७०वर येतो. रुपयाचं नवं चिन्ह वापरलं तरी तेच होतं, आणि वर्ड फाइलमधून उचललेल्या वाकड्या अवतरणचिन्हांनीही. इमोजी तर एकाच वेळी दोन जागा खाते.

आता जुन्या यंत्रांशी तुलना करू. भारतातली तारसेवा जुलै २०१३मध्ये बंद झाली. पण ‘फादर सिरियस स्टार्ट इमिजिएटली’ या तारेचा धसका घेतलेली पिढी अजून आहे. हेच चार इंग्रजी शब्द नमुना म्हणून घेऊ. मधल्या तीन मोकळ्या जागा धरून ३२ अक्षरं होतात.

मोर्सच्या लिपीत टिंबाला एक मात्रा, रेघेला तीन. एका अक्षरातल्या दोन खुणांमध्ये एका मात्रेची विश्रांती, दोन अक्षरांमध्ये तीन मात्रांची, दोन शब्दांमध्ये सातची. इंग्रजीत सगळ्यात जास्त येणाऱ्या ‘ई’ला नुसतं एक टिंब, म्हणजे एक मात्रा. ‘टी’ला एक रेघ, तीन मात्रा. क्वचित येणाऱ्या ‘क्यू’ला तेरा. याप्रमाणे आपली तार मोजली तर ४७, ५७, ३५ आणि ८९ मात्रांचे चार शब्द आणि मधल्या विश्रांतीच्या २१, अशा २४९ मात्रा होतात. मिनिटाला २० शब्दांच्या वेगात एक मात्रा ०.०६ सेकंदाची. म्हणजे तारमास्तर ही तार पंधरा सेकंदांत वाजवून मोकळा.

टेलेक्सवर प्रत्येक अक्षराला पाच बिट, पुढे सुरुवातीची एक खूण आणि मागे दीड बिटाची थांबण्याची, मिळून साडेसात. ३२ अक्षरांचे २४० बिट. सेकंदाला ५० बिटांच्या वेगाने ४.८ सेकंद.

एसएमएसमध्ये ३२ गुणिले ७, म्हणजे २२४ बिट. संकेतांच्या त्या वाटेचा टूजीमधला वेग सेकंदाला साधारण ७८० बिट. पत्ता, वेळ वगैरे मजकूर धरून हवेतला प्रवास एकदोन सेकंदांचा.

२४९, २४० आणि २२४. वेग पिढीगणिक वाढला, पण निरोपाचं वजन दीडशे वर्षांत जवळपास आहे तिथेच आहे. मोर्सच्या लिपीत विश्रांतीसुद्धा मोजल्यात, तरीही ती एवढी जवळ येते. याचं श्रेय एकाच युक्तीला: जे वारंवार लागतं ते आखूड करा. एसएमएस ही युक्ती वापरत नाही, त्याच्याकडे ‘ई’ही सात बिटांचा आणि ‘क्यू’ही. तारखात्याने तर आणखी पुढची युक्ती केली होती. सणावाराच्या आणि लग्नाच्या शुभेच्छांची तयार वाक्यं छापून त्यांना क्रमांक दिले होते. तारेवरून नुसता क्रमांक जाई, पलीकडचं ऑफिस पूर्ण वाक्य लिहून देई. ‘गणेशचतुर्थीच्या हार्दिक शुभेच्छा’ एवढ्याला आज एसएमएसमध्ये ३२ जागा लागतात, जवळपास अर्धं पाकीट.

आता तोच निरोप मराठीत: ‘वडील गंभीर ताबडतोब निघ’. इथे मोजणी जरा वेगळी होते. काना, वेलांटी, अनुस्वार, पाय मोडायची खूण, प्रत्येकाला स्वतंत्र क्रमांक असतो. ‘वडील’ म्हणजे व, ड, दीर्घ वेलांटी, ल, असे चार. पूर्ण वाक्याचे २२. इंग्रजीपेक्षा दहा कमी! तरीही बिट होतात ३५२. कारण १२८च्या कोष्टकाबाहेरचं एकही अक्षर आलं की फोन सगळा निरोप युनिकोडच्या, म्हणजे जगभरच्या लिपींना क्रमांक देणाऱ्या यादीच्या, सोळा बिटी क्रमांकांत लिहितो. १,१२० भागिले १६ म्हणजे ७०. सत्तरचा आकडा येतो तो इथून.

‘वडील’चे ते सोळा बिट उघडून पाहिले की खरी गंमत कळते. पहिले नऊ बिट मुद्दाम सुटे लिहिले आहेत:

व: ००००१००१० ०११०१०१
ड: ००००१००१० ०१००००१
ी: ००००१००१० १००००००
ल: ००००१००१० ०११००१०

डावीकडचे नऊ बिट चारही ओळींत तेच आहेत. हा योगायोग नव्हे. युनिकोडमध्ये देवनागरीला सलग १२८ जागा दिल्यात, आणि १२८ जागांमधली नेमकी जागा सांगायला सातच बिट लागतात. उरलेले नऊ प्रत्येक अक्षरामागे एकच गोष्ट सांगतात: ‘हे देवनागरी आहे.’ आपल्या बावीसांपैकी तीन मोकळ्या जागा सोडल्या तर एकोणीस वेळा ही घोषणा होते. त्यात १७१ बिट जातात, म्हणजे ३५२मधले जवळजवळ निम्मे. देवनागरी जड नाहीच. ती सात बिटांतच मावते. जड आहे ती ही पुनरुक्ती.

यावर उपाय काय? घोषणा एकदाच करायची. ही युक्ती फ्रेंच तारयंत्रज्ञ एमिल बोदो यांनी १८७०च्या दशकात वापरली होती. पाच बिटांत ३२च क्रमांक होतात, त्यात अक्षरं बसवली की अंकांना जागा उरत नाही. म्हणून दोन क्रमांक बदलाच्या खुणांसाठी राखले. एक म्हणते ‘यापुढे अंक’, दुसरी म्हणते ‘यापुढे अक्षरं’. मधल्या काळात तेच क्रमांक दोन अर्थांनी वाचले जातात. टेलेक्सने हीच पद्धत पुढे चालवली.

या पद्धतीचा धोका टेलेक्सवाल्यांना चांगला माहीत होता. वाटेत एक बदलाची खूण बिघडली की पुढचं सगळं भलतंच छापून येतं. इंग्रजी ‘पोर्ट’ या चार अक्षरांच्या जागी ०, ९, ४, ५ असे अंक उमटतात. अक्षराच्या जागी आलेला आकडा नजरेला लगेच खुपतो, पण आकड्यातला एखादा बिट बिघडून दुसराच आकडा आला तर तो कोणाच्याच लक्षात येत नाही. मुरगाव बंदरात जहाजांच्या व्यवहारात टनांचा असा एक आकडा चुकणं किती महागात पडेल याची कल्पना करता येते. म्हणून निरोपातले सगळे आकडे शेवटी पुन्हा एकदा देण्याचा शिरस्ता होता.

एसएमएसला ही भीती नाही, कारण टॉवरकडे जाणाऱ्या प्रत्येक तुकड्याला तपासणीचे बिट जोडलेले असतात आणि बिघडलेला तुकडा पुन्हा मागवला जातो. त्यामुळे बोदोची युक्ती इथे बिनधोक चालते. एसएमएसच्या जागतिक मानकात ती पुढे आलीही. पाकिटाच्या सुरुवातीला चार बाइटची चिठ्ठी लावायची: ‘हा निरोप अमुक कोष्टकाने वाचा’. उरलेल्या १३६ बाइटमध्ये सात बिटी १५५ अक्षरं मावतात. अशी कोष्टकं हिंदी, गुजराती, कन्नड, तमिळ वगैरे भाषांसाठी तयार आहेत. मराठी आणि कोंकणीचं वेगळं कोष्टक नाही, पण हिंदीच्या नावावरचं कोष्टक देवनागरीचंच आहे आणि आपला नमुना त्यात सहज बसतो. अडचण एवढीच की पाठवणारा, मधली यंत्रणा आणि घेणारा फोन, तिघांनाही ते कोष्टक ठाऊक हवं. घेणाऱ्याला ठाऊक नसेल तर मूळ कोष्टकाने वाचून तो अक्षरांचा कचरा दाखवेल. ही जोखीम घ्यायला कुणी तयार नसतं, म्हणून सगळे मुकाट सोळा बिटांवर येतात.

‘देवनागरी ही संगणकासाठी सर्वांत शास्त्रीय लिपी, नासाने मान्य केलं’ असे फॉरवर्ड फिरतात, त्यांचाही इथेच समाचार घ्यावा. या दंतकथेच्या मुळाशी १९८५ सालचा एक लेख आहे. त्यात संस्कृत वैयाकरणांची वाक्यविश्लेषणाची पद्धत आणि संगणकात ज्ञान मांडण्याची पद्धत यांची तुलना होती. लिपीचा त्यात संबंध नव्हता, आणि नासाने कसलं प्रमाणपत्रही दिलेलं नाही. संगणकाला सगळ्या लिपी सारख्याच, क्रमांकांच्या याद्या. आपली यादी त्या १२८च्या कोष्टकात नव्हती याला कारण कोष्टक कोणी आणि कुठे बसून केलं हे आहे. लिपीच्या थोरवीचा किंवा उणेपणाचा त्यात काही भाग नाही.

ठोक निरोप लिहिणाऱ्यांनी एवढं सांभाळावं. सत्तरच्या वर एक जरी खूण गेली की निरोप दोन पाकिटांत जातो. मग प्रत्येक पाकिटात सहा बाइट जोडणीच्या चिठ्ठीला द्यावे लागतात: निरोपाचा क्रमांक, एकूण भाग किती, हा कितवा. उरतात ६७. म्हणजे ७१ ते १३४ खुणांना दोन एसएमएसचे पैसे, १३५ ते २०१ला तीनाचे. ‘उद्या रात्री १० वाजता देवळात नाटक. सर्वांनी यावे.’ हे ४९मध्ये बसतं. खाली समितीचं लांबलचक नाव आणि ‘आपले नम्र’ आलं की सत्तरी ओलांडलीच. ‘स्त्री’ला सहा जागा लागतात आणि ‘श्री’ला चार, त्यामुळे नावांमागचे ‘श्री’ गाळले तरी बरीच जागा सुटते.

दोन भागांतला एक आधी आणि दुसरा मागाहून पोचला तर काही फोन थांबून राहतात, काही अर्धाच दाखवतात. चोर्ला घाटात रेंज गेलेल्या माणसाच्या बाबतीत हे सहज होतं. तरी निरोप सहसा हरवत नाही. तारऑफिसात तार नोंदवून ठेवत, तसा तो कंपनीच्या एसएमएस केंद्रात पडून राहतो, आणि फोन पुन्हा टॉवरच्या टप्प्यात आला की कोणता फोन कुठे आहे याची नोंदवही सांभाळणारी यंत्रणा केंद्राला कळवते. वादळात किंवा जत्रेच्या गर्दीत कॉल लागत नसताना एसएमएस पोचतो तो याचमुळे, आणि बोलण्याच्या वाटा भरल्या तरी संकेतांची वाट वेगळी असते म्हणून. ती वाटही तुंबू शकते. नववर्षाच्या मध्यरात्री शुभेच्छा पहाटे पोचायच्या, तो काळ पुष्कळांना आठवत असेल.

शेवटी एक खास मराठी खोच. ‘दुसऱ्या’मधला ‘ऱ्या’ दोन पद्धतींनी टाइप होतो. नुक्ता असलेल्या ‘ऱ’पासून केला तर चार खुणा. साध्या ‘र’चा पाय मोडून जोडणीची अदृश्य खूण घातली तर पाच. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात. दुसरीकडून चिकटवलेल्या मजकुरात अशा अदृश्य खुणा हमखास असतात, आणि मोजून ७० केलेला निरोप ७१ होऊन दोन पाकिटांत जातो. म्हणून बोटांवर मोजू नये. फोनच्या किंवा ठोक सेवेच्या खिडकीतला अक्षरमोजक जे दाखवतो, पैसे त्याप्रमाणेच कापले जातात.