केबल-डीटीएच सोडून ओटीटीकडे वळणे

कॉर्ड-कटिंग : केबल किंवा डीटीएचची वर्गणी बंद करून टीव्हीचे कार्यक्रम इंटरनेटवरून, ओटीटी अ‍ॅपच्या साहाय्याने पाहण्याची पद्धत. नेटफ्लिक्सने २००७ मध्ये इंटरनेटवरून चित्रपट दाखवायला सुरुवात केल्यानंतर अमेरिकेत ती रुळली आणि महागड्या केबल बिलातून सुटका हा तिथे तिचा उघड हेतू होता. भारतात केबल मुळातच स्वस्त असल्याने इथला हिशेब वेगळा आहे. घरात इंटरनेट आधीपासून आहे का, कोणत्या भाषेतले कार्यक्रम पाहायचे आणि एका वेळी किती अ‍ॅपची वर्गणी चालू ठेवायची, यांवर बचत ठरते. मराठी मालिका पाहणाऱ्या घरात यांतला दुसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा.

दूरदर्शनची मक्तेदारी १९९१-९२ मध्ये उपग्रह वाहिन्यांनी मोडली, तेव्हापासून गल्लीतला केबलवाला महिन्याचे पैसे घ्यायला दारात येऊ लागला. मुंबईत १ नोव्हेंबर २०१२ पासून सेट टॉप बॉक्स सक्तीचा झाला. पुणे, नागपूर, नाशिक ही शहरे २०१३ मध्ये दुसऱ्या टप्प्यात आली. बॉक्स आल्यामुळे प्रत्येक घर काय पाहते आणि किती पैसे देते याची नोंद होऊ लागली, आणि त्या आधारावर दूरसंचार नियामक प्राधिकरणाला (ट्राय) वाहिनीगणिक दराची व्यवस्था आणणे शक्य झाले. फेब्रुवारी २०१९ पासून लागू झालेल्या या व्यवस्थेत बिलाचे दोन भाग पडले. पहिला भाग जोडणीचा, म्हणजे नेटवर्क शुल्काचा : कमाल १३० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, असे १५३ रुपये ४० पैसे. दुसरा भाग निवडलेल्या सशुल्क वाहिन्यांचा. बुकेत, म्हणजे वाहिन्यांच्या गठ्ठ्यात, घालायच्या वाहिनीची किंमत सुरुवातीला १९ रुपयांपर्यंत ठेवता येत होती. २०२० मध्ये ट्रायने ही मर्यादा १२ रुपयांवर आणली आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये पुन्हा १९ केली. नेटवर्क शुल्कावरची कमाल मर्यादा जुलै २०२४ मध्ये उठली. आता ते केबल आणि डीटीएच कंपन्या स्वतः ठरवतात.

ग्राहकाला हव्या त्याच वाहिन्यांचे पैसे द्यावे लागावेत, असा या व्यवस्थेमागचा हेतू होता आणि तो रास्तच होता. पण मोजक्या वाहिन्या पाहणाऱ्यालाही जोडणीचे १५३ रुपये द्यावेच लागत. चार मराठी वाहिन्या प्रत्येकी १९ रुपयांनी सुट्या घेतल्या तर ७६ रुपये, त्यांत १३० मिळवून २०६ आणि जीएसटीसह २४३ रुपये ८ पैसे. वर्षाला साधारण २,९१७ रुपये. ओटीटीची तुलना करायची ती या आकड्याशी.

घरात इंटरनेट नसेल तर तुलना तिथेच संपते. २०२० मध्ये जिओफायबरने आणलेला ३० एमबीपीएसचा प्राथमिक प्लॅन ३९९ रुपयांचा होता, जीएसटीसह सुमारे ४७१. म्हणजे एकही अ‍ॅप न घेता वर्षाला साडेपाच हजारांच्या वर खर्च. केवळ टीव्हीसाठी नवे ब्रॉडबँड घेणाऱ्याची बचत होत नाही, खर्च जवळपास दुप्पट होतो. मुलांच्या अभ्यासासाठी किंवा घरून काम करण्यासाठी वायफाय आधीच घेतलेले असेल, तर मात्र तो खर्च टीव्हीच्या खात्यात धरण्याचे कारण नाही. तिथे फक्त अ‍ॅपच्या वर्गण्या मोजायच्या.

आणि एकेक अ‍ॅप मिळवत गेले की त्यांची बेरीज भराभर वाढते. नेटफ्लिक्सने डिसेंबर २०२१ मध्ये भारतातले दर उतरवले : मोबाइलपुरता प्लॅन १९९ वरून १४९ आणि टीव्हीवर चालणारा मूळ प्लॅन ४९९ वरून १९९ रुपयांवर आला. त्याच महिन्यात अ‍ॅमेझॉन प्राइमची वार्षिक वर्गणी ९९९ वरून १,४९९ झाली. जिओहॉटस्टारचा जाहिरातींसह दोन उपकरणांवर चालणारा प्लॅन २०२५ च्या आरंभी वर्षाला ८९९ रुपयांचा होता. नेटफ्लिक्सचे बारा महिने (२,३८८) आणि जिओहॉटस्टारचे एक वर्ष एकत्र केले की ३,२८७ रुपये होतात, म्हणजे वरच्या केबल बिलापेक्षा जास्त. नेटफ्लिक्सऐवजी प्राइम घेतले तर २,३९८. इथे थोडी बचत दिसते. पण १७ जून २०२५ पासून प्राइम व्हिडिओवर भारतातही जाहिराती सुरू झाल्या आणि त्या टाळायच्या तर वर्षाला आणखी ६९९ रुपये मोजावे लागतात. ते धरले की बेरीज ३,०९७ वर जाते आणि बचत उरत नाही. जाहिरातींपासून सुटका म्हणून केबल सोडणाऱ्यांनी हा भाग नीट पाहावा.

मराठी घराची खरी अडचण वेगळीच आहे. केबलवर झी मराठी, स्टार प्रवाह, कलर्स मराठी, सोनी मराठी आणि सन मराठी एकाच रिमोटवर, एकाच बिलात येतात. इंटरनेटवर त्या मालकांप्रमाणे विखुरल्या आहेत : झी मराठीच्या मालिका झी५वर, सोनी मराठीच्या सोनी लिव्हवर, सन मराठीच्या सन नेक्स्टवर. स्टार प्रवाह आणि कलर्स मराठी या एकेकाळच्या प्रतिस्पर्धी वाहिन्या आता जिओहॉटस्टारवर शेजारी आल्या, कारण स्टार इंडिया आणि व्हायाकॉम१८ यांचे विलीनीकरण नोव्हेंबर २०२४ मध्ये पूर्ण झाले आणि १४ फेब्रुवारी २०२५ रोजी त्यांची अ‍ॅपही एक झाली. तरीही संध्याकाळी सात ते दहा या वेळेत वाहिन्या बदलत मालिका पाहणाऱ्या घराला तीन-चार अ‍ॅप लागतात. झी५ने २०२५ मध्ये भाषावार पॅक आणले, त्यात मराठीचा वेगळा पॅक आहे. फक्त मराठी पाहणाऱ्याला हिंदीचेही पैसे द्यावे लागणे त्यामुळे टळते. सर्व मराठी वाहिन्यांचा एकत्र आणि स्वस्त पॅक निघाला, तर केबल सोडण्याचे सर्वांत ठोस कारण तेच ठरेल. बातम्यांची अडचण तेवढी नाही. प्रमुख मराठी वृत्तवाहिन्या यूट्यूबवर थेट आणि विनामूल्य दिसतात.

क्रिकेटने हा हिशेब दोनदा उलटवला. आयपीएलचे टीव्हीचे आणि डिजिटलचे हक्क २०२२ च्या लिलावात वेगवेगळ्या कंपन्यांकडे गेले : टीव्ही स्टारकडे, डिजिटल व्हायाकॉम१८कडे. व्हायाकॉम१८ने २०२३ मध्ये जिओसिनेमावर सगळे सामने फुकट दाखवले. टीव्हीवर पैसे देऊन दिसणारा सामना मोबाइलवर विनामूल्य, अशी ही स्थिती दोन हंगाम टिकली. स्पर्धक कंपन्या एक झाल्यावर स्पर्धेपोटी दिलेली सवलतही गेली आणि २०२५ पासून आयपीएल पाहायला पुन्हा वर्गणी लागू लागली. फुकट क्रिकेटच्या भरवशावर केबल सोडणाऱ्यांचा हिशेब तेव्हा बदलला.

भारतात केबल सोडण्याचा क्षण सहसा ठरवून येत नाही. डीटीएच प्रीपेड असल्यामुळे मुदतीचा करार नाही आणि तो मोडल्याचा दंडही नाही. रिचार्ज संपतो आणि कुणी पुन्हा करत नाही, इतकेच. ट्रायच्या आकडेवारीनुसार सशुल्क डीटीएचचे सक्रिय ग्राहक मार्च २०२१ मध्ये सुमारे ७ कोटी होते, ते मार्च २०२५ पर्यंत पावणेसहा कोटींच्या आसपास आले. हे सगळे ओटीटीकडे गेले असे मानणे चूक ठरेल. बरेच ग्राहक डीडी फ्री डिश या मासिक शुल्क नसलेल्या सरकारी सेवेकडेही वळले. मात्र सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आल्यानंतर डेटा स्वस्त झाला आणि घरातला प्रत्येक जण आपापल्या फोनवर पाहू लागला, हे या घसरणीमागचे मोठे कारण आहे.

मोबाइल डेटावर टीव्ही चालवू पाहणाऱ्यांसाठी नेटफ्लिक्सने दिलेले आकडे उपयोगी आहेत. एचडी चित्राला तासाला ३ जीबीपर्यंत आणि ४के चित्राला ७ जीबीपर्यंत डेटा लागतो. दिवसाला दीड-दोन जीबीचा मोबाइल प्लॅन एचडीत तासभरही पुरत नाही. वेगाची अट त्यामानाने सौम्य आहे. फुल एचडीला ५ एमबीपीएस पुरतात, त्यामुळे ३० एमबीपीएसच्या जोडणीवर दोन-तीन टीव्ही आरामात चालतात. जुन्या टीव्हीला एचडीएमआय जोडणी असेल तर फायर टीव्ही स्टिकसारखे उपकरण एकदाच घेऊन भागते, नवा स्मार्ट टीव्ही घ्यावा लागत नाही. केबलला दुसऱ्या टीव्हीसाठी वेगळी जोडणी आणि वेगळे शुल्क लागते (२०२० च्या नियमांनुसार मूळ नेटवर्क शुल्काच्या ४० टक्क्यांपर्यंत). दोन-तीन टीव्ही असलेल्या घराला ओटीटी परवडते ते मुख्यतः यामुळे.

एका वर्गणीवर मुलगा पुण्यात आणि आईवडील साताऱ्यात, ही सोय नेटफ्लिक्सने जुलै २०२३ मध्ये भारतात बंद केली. एक खाते एका घरापुरतेच राहिले. खर्च आटोक्यात ठेवण्याचा परिणामकारक मार्ग म्हणजे एका वेळी एकच सशुल्क अ‍ॅप ठेवणे, पाहून झाले की ते थांबवून दुसरे घेणे. त्यासाठी महिन्याची वर्गणी सोयीची आणि ऑटोपे घातक. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार आपोआप होणाऱ्या वजावटीची सूचना २४ तास आधी यावीच लागते. ती आली की यूपीआय अ‍ॅपमधून परवानगी रद्द करता येते.

केबल व्यावसायिकांवर याचा आघात मोठा आहे, पण सगळ्यांवर सारखा नाही. ज्यांनी त्याच घरांत ब्रॉडबँड द्यायला सुरुवात केली त्यांचा ग्राहक टिकला. हॅथवेसारख्या मुंबईतल्या कंपन्या केबल आणि इंटरनेट दोन्ही फार पूर्वीपासून विकत आल्या आहेत; २०१८ मध्ये रिलायन्सने हॅथवे आणि डेन या केबल कंपन्यांत नियंत्रक हिस्सा घेतला, तो घराघरांत पोचलेल्या याच जाळ्यासाठी.

खर्चाच्या दृष्टीने सर्वांत स्वस्त पर्याय ओटीटी नाही, डीडी फ्री डिश आहे. डिसेंबर २००४ मध्ये सुरू झालेल्या प्रसार भारतीच्या या सेवेला मासिक शुल्क नाही. छत्री आणि बॉक्स एकदाच घ्यायचा. तिच्यावर डीडी सह्याद्री दिसते. राष्ट्रीय महत्त्वाच्या म्हणून अधिसूचित झालेल्या क्रीडास्पर्धांचे प्रक्षेपण खासगी कंपन्यांनी प्रसार भारतीला द्यावे, असे २००७ चा कायदा सांगतो, त्यामुळे असे क्रिकेट सामनेही तिच्यावर विनामूल्य दिसतात. लोकप्रिय मराठी मालिका मात्र तिच्यावर कमीच. प्रसार भारतीने २० नोव्हेंबर २०२४ रोजी गोव्यात इफ्फी या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाच्या उद्घाटनात 'वेव्हज' हे स्वतःचे ओटीटी अ‍ॅपही सुरू केले. दूरदर्शन आणि आकाशवाणीच्या वाहिन्या आणि जुना संग्रह त्यावर मिळतो.

अमेरिकेत इंटरनेटवरून थेट वाहिन्या दाखवणारी यूट्यूब टीव्ही ही सेवा २०१७ मध्ये महिना ३५ डॉलरला सुरू झाली आणि जानेवारी २०२५ मध्ये ८२.९९ डॉलरवर पोचली. केबल सोडून तिथे आलेल्यांचे बिल आठ वर्षांत दुपटीहून जास्त झाले. तिथल्या मराठी कुटुंबांना बचतीपेक्षा उपलब्धतेचा फायदा अधिक झाला : जून २०२१ मध्ये झी५ अमेरिकेत सुरू झाल्यावर, भारतीय वाहिन्यांचा वेगळा उपग्रह पॅक न घेता मराठी मालिका पाहण्याची सोय त्यांना मिळाली.