तीन दिवसांचं उत्खनन आणि जमिनीखालचा नकाशा

ब्रिटनमध्ये ‘चॅनल ४’वर जानेवारी १९९४मध्ये ‘टाइम टीम’ ही पुरातत्त्वीय उत्खननाची मालिका सुरू झाली. सूत्रधार टोनी रॉबिन्सन, पुरातत्त्वज्ञांचे म्होरके मिक ॲस्टन आणि प्रत्येक जागेसाठी हातात दिवस फक्त तीन. गंमत म्हणजे पहिल्या भागात खणायला परवानगीच नव्हती! ९व्या शतकात व्हायकिंगांच्या स्वारीपुढे राजा आल्फ्रेड सॉमरसेटमधल्या ॲथेल्नीच्या दलदलीत लपला होता. पहिला भाग तिथलाच, आणि ती जागा संरक्षित. मातीला हात न लावता तिथल्या जुन्या मठाचा आराखडा दिसला तो यंत्रांवर.

माझ्या मते मालिकेचे खरे नायक जॉन गेटर आणि त्यांची भूभौतिकी पाहणी करणारी, म्हणजे न खणता जमिनीखालचं यंत्रांनी शोधणारी मंडळीच. तीन दिवसांत अख्खं शेत खणणं शक्य नाही, त्यामुळे कुठे खणायचं हे आधी कळायलाच हवं.

ते कळतं कसं? वरच्या सुपीक मातीतली लोहसंयुगं आग आणि सूक्ष्मजीवांमुळे अधिक चुंबकीय होतात. जुना खंदक हळूहळू याच मातीने भरतो आणि आजूबाजूच्या जमिनीहून किंचित वेगळा ठरतो. किंचित म्हणजे किती? ब्रिटनमध्ये पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र सुमारे ५०,००० नॅनोटेस्ला (चुंबकीय क्षेत्र मोजायचं एकक); खंदकामुळे पडणारा फरक पुष्कळदा १०हूनही कमी. म्हणून हा फरक टिपणारं यंत्र घेऊन चालणाऱ्याच्या अंगावर लोखंडी बक्कलसुद्धा चालत नाही. भट्टी मात्र ठळक दिसते. तापलेली माती थंड होताना त्या वेळच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा धरून ठेवते.

दगडी भिंतींसाठी दुसरी युक्ती. जमिनीत विजेचा प्रवाह सोडायचा. ओलसर मातीतून तो सहज जातो, कोरड्या दगडाशी अडतो. खोलीचा अंदाज हवा असेल तर रडार: जमिनीत सोडलेल्या लहरी आदळून परत यायला लागलेल्या वेळावरून तो काढता येतो.

पण पडद्यावरची काळी रेघ रोमन खंदकाची की मागच्या शतकातल्या शेताच्या चराची, हे यंत्र सांगत नाही. त्यासाठी खणावंच लागतं. थरांचा क्रम आणि त्यांत सापडलेली खापरं यांवरून काळ ठरतो. खणलेला थर पुन्हा रचता येत नाही, म्हणून खड्डे मोजकेच आणि नोंदी भरपूर.

मालिकेवर माझी तक्रार एकच. तिसऱ्या संध्याकाळी कॅमेरा बंद होतो आणि काम संपल्यासारखं वाटतं. खापरं धुणं, आकृत्या काढणं, नमुने प्रयोगशाळेत पाठवणं, अहवाल लिहिणं हे पुढे कितीतरी महिने चालतं. टीव्हीला त्यात रस नसतो, हेही खरंच.

चॅनलने मालिका बंद केल्यावर २०२२मध्ये ती यूट्यूबवर परतली, प्रेक्षकांनी दिलेल्या पैशांवर. ॲस्टन २०१३मध्येच गेले होते. गेटर मात्र आपली यंत्रं घेऊन पुन्हा शेतात उतरले.