टेस्ट निगेटिव्ह, पण हिशोब बाकी: आर्मस्ट्राँगच्या केसेस

अमेरिकन सायकलपटू लान्स आर्मस्ट्राँगने १९९९ ते २००५ सलग ७ वेळा टूर द फ्रान्स ही मोठी सायकल रेस जिंकली आणि २०१२ मध्ये डोपिंगमुळे, म्हणजे ताकद वाढवायला बंदी असलेले उपाय वापरल्यामुळे, सातही टायटल काढून घेतली गेली, हे बऱ्याच जणांना माहीत असतं. मला मात्र त्यानंतर झालेला पैशाचा हिशोब जास्त महत्त्वाचा वाटतो, आणि तो समजायला आधी थोडं रक्ताचं विज्ञान बघावं लागतं.

आपली किडनी ईपीओ नावाचं हार्मोन बनवते, त्याने हाडांतल्या मज्जेत लाल पेशी तयार होतात. घरात कोणी डायलिसिसवर असेल तर हे इंजेक्शन तुम्ही पाहिलंही असेल, किडनी बिघडली की हार्मोन कमी पडतं, हिमोग्लोबिन घसरतं, म्हणून ते बाहेरून देतात. तेच धडधाकट सायकलपटूने घेतलं की लाल पेशी गरजेपेक्षा वाढतात, स्नायूंना जास्त ऑक्सिजन मिळतो आणि घाट चढताना तो लवकर दमत नाही. रक्त घट्ट होऊन गुठळी होण्याचा धोका असतोच.

आता हे पकडायचं कसं? लघवीतून ईपीओ ओळखायची टेस्ट २००० मध्ये आली, पण थोडा थोडा डोस थेट शिरेत घेतला की तो फार लवकर सापडेनासा होतो, आणि स्वतःचंच रक्त आधी काढून ठेवून रेसच्या वेळी परत चढवलं तर या टेस्टला शोधायला काही उरतच नाही. म्हणून "मी कधी टेस्टमध्ये सापडलो नाही" हे आर्मस्ट्राँग वर्षानुवर्षं सांगू शकला.

आणि त्याच जोरावर पैसेही वसूल केले. जिंकल्यावर द्यायच्या बोनसची हमी घेणाऱ्या डॅलसच्या एससीए प्रमोशन्स या कंपनीने संशय आला म्हणून ५० लाख डॉलरचा बोनस अडवला होता, तेव्हा त्याने शपथेवर सांगितलं की मी डोपिंग केलेलं नाही. करारात डोपिंगबद्दल काही अटच नव्हती, त्यामुळे २००६ मध्ये कंपनीने ७५ लाख देऊन तडजोड केली. लंडनच्या संडे टाइम्सलाही त्याच वर्षी मानहानीच्या दाव्यात ३ लाख पौंड द्यावे लागले, म्हणजे खरं शोधणाऱ्यांनाच भुर्दंड, याचा मला आजही राग येतो.

जानेवारी २०१३ मध्ये त्याने टीव्हीवर कबुली दिली आणि सगळे परत दारात आले. संडे टाइम्सशी तडजोड झाली, एससीएच्या केसमध्ये २०१५ ला लवादाने त्या खोट्या शपथेसाठी त्याला आणि त्याच्या टीमच्या कंपनीला १ कोटी डॉलर भरायला लावले, पुढे तीही केस आपसात मिटली.

सगळ्यात मोठी केस अमेरिकेच्या सरकारी टपाल खात्याची, ही यूएस पोस्टल सर्व्हिस टीमची स्पॉन्सर होती ना. टीममधलाच जुना साथीदार फ्लॉइड लँडिसने २०१० मध्ये सरकारच्या वतीने ती दाखल केली, स्पॉन्सरशिपचे सुमारे ३ कोटी २० लाख डॉलर आणि कायद्याप्रमाणे तिप्पट भरपाई, म्हणजे जवळपास १० कोटी. डोपिंग झालं होतं यावर वाद नव्हताच, वाद होता नुकसान किती झालं यावर, कारण आर्मस्ट्राँगचे वकील म्हणत होते की टपाल खात्याला प्रसिद्धीतून दिलेल्या पैशापेक्षा जास्त फायदा झाला, आणि त्यासाठी खात्याने स्वतःच करून घेतलेले रिपोर्ट दाखवत होते. खटला मे २०१८ मध्ये उभा राहणार होता, एप्रिलमध्येच ५० लाखांवर मिटला. त्यातले ११ लाख लँडिसला मिळाले, शिवाय त्याच्या वकिलांच्या खर्चाचे साडेसोळा लाख आर्मस्ट्राँगने वेगळे भरले. मला ही रक्कम फार कमी वाटते, पण ज्यूरीने नुकसान शून्य धरलं असतं तर सरकारच्या हाती जवळजवळ काहीच लागलं नसतं.