पार्श्वभूमी: स्कुबाच्या टाकीवरचे शिक्के आणि पाऊण इंची आटे

बाहेरून आलेली स्कुबाची, म्हणजे पाण्याखाली श्वास घ्यायच्या हवेची, टाकी हातात आली की आधी तिचा खांदा, म्हणजे मानेखालच्या उतारावरचे शिक्के, वाचा, हे मी सगळ्यांना कळकळीने सांगतो, कारण व्हॉल्व्ह आत फिरला म्हणजे तो त्याच टाकीचा असं अजिबात नसतं, आणि या घोळाचं मूळ पार 1841 मध्ये आहे.

त्या साली इंग्लंडच्या जोसेफ व्हिटवर्थने आट्यांची मापं ठरवली, कोन 55 अंश. 1864 ला फिलाडेल्फियाच्या विल्यम सेलर्सने अमेरिकेसाठी 60 अंश सुचवला कारण तो बनवायला सोपा, मग 1898 ला झुरिकला मेट्रिक आटे ठरले, कोन 60 च पण पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, मिलिमीटरमध्ये. कूस्तो आणि गान्यानचं अ‍ॅक्वालंग, म्हणजे स्कुबाचं श्वसनयंत्र, आलं 1943 ला, म्हणजे तोवर तीन घराणी तयारच होती, आणि टाक्या ज्या त्या देशाच्या गॅस सिलिंडरच्या रिवाजाने बनत गेल्या. कुठे पाऊण इंची बीएसपी, म्हणजे व्हिटवर्थच्या 55 अंशांचे ब्रिटिश पाइपचे आटे, आपल्या घरच्या नळाला असतात तेच, अमेरिकेत आधी अर्धा इंची निमुळते एनपीटी आणि नंतर ओ-रिंगवाले (हवा अडवणाऱ्या रबरी कडीचे) सरळ पाऊण इंची एनपीएसएम, हे दोन्ही 60 अंशांचे अमेरिकन पाइपचे आटे, युरोपात पुढे एम 25 बाय 2, म्हणजे मेट्रिक, 25 मिमी व्यास आणि 2 मिमी पिच.

आता गंमत नाही, धोका बघा. पाऊण इंची बीएसपी आणि एनपीएसएम दोन्हीला इंचात 14 च आटे, फरक कोनाचा आणि व्यासात थोडासा, त्यामुळे नुसता पिच मोजून काही कळत नाही. एम 25 चा व्हॉल्व्ह तर 25 मिमीचा, पाऊण इंचीवाला 26 च्या वर, म्हणजे एम 25 चा व्हॉल्व्ह पाऊण इंची टाकीत ढिला जातो, आट्यांच्या टोकांवर अडकतो, ओ-रिंगमुळे हवाही धरतो आणि भरताना प्रेशर चढलं की गोळीसारखा उडतो. असे अपघात झालेत.

शिक्क्यांचंही तसंच. जुन्या अमेरिकन टाकीवर आयसीसी असतं, म्हणजे आंतरराज्य व्यापाराचा आयोग, कारण सिलिंडर रेल्वेने जायचे. 1967 ला त्यांचं वाहतूक खातं सुरू झालं आणि मग त्याचं डीओटी हे नाव शिक्क्यावर आलं. 3एए म्हणजे स्टील, 3एएल म्हणजे अ‍ॅल्युमिनियम, पुढचा 3000 हा आकडा पीएसआयमधलं भरायचं प्रेशर, मग टेस्टचा महिना आणि वर्ष, स्टीलच्या टाकीवर तारखेपुढे अधिकचं चिन्ह असेल तर 10 टक्के जास्त भरायची मुभा. युरोपियन टाकीवर लिटर, बारमधलं (प्रेशरचं तिकडचं एकक) भरायचं प्रेशर, टेस्ट प्रेशर, अलीकडच्या टाकीवर पाय हे ग्रीक अक्षर आणि बहुतेकदा आट्याचं मापही. जुन्या बऱ्याच टाक्यांवर नेमकं तेच नसतं.

आपल्याकडे गॅस सिलिंडरचे नियम 1940 पासून आहेत, सध्याचे 2016 चे, आणि बाहेरून सिलिंडर आणायला नागपूरच्या पेसोची, म्हणजे सिलिंडर आणि स्फोटकांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेची, परवानगी लागते. पण टाकीत व्हॉल्व्ह बसवणारा माणूस शेवटी आपलाच असतो, म्हणून खांद्यावर माप नसेल तर रिकामी करून व्हॉल्व्ह काढा, त्याच्या आट्यांजवळचा शिक्का बघा आणि टाकीची मान गो-नोगो गेजने (आटे मापात आहेत की नाहीत ते दाखवणाऱ्या मापकाने) तपासून घ्या, हाताच्या अंदाजावर सोडू नका.